नागपूरचा विमानतळ : त्याचा इतिहास व त्याचें कार्य

गेल्या पावसाळ्यांत एके सायंकाळीं शाळा सुटून मुलें घरोघर निघालीं असतां आकाशांत फार उंचावरून एक विमान उत्तरेकडे गेलें. तें दिसेनासें होईपर्यंत मुलें माना वर करून पाहात राहिलीं. त्यांतील एका लहान विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें, "सर, बस थांबते तें बसस्थानक, आगगाडी थांबते तें रेल्वेस्थानक, तर मग विमानतळ म्हणजे विमानांचें स्थानकच ना?" आम्हीं "होय" म्हणून उत्तर दिलें व तो मुलगा समाधानानें निघून गेला. परंतु घरीं पोंचल्यावर तें उत्तर आमचें आम्हांसच अपुरें वाटूं लागलें. धांवपट्टी बांधली, इमारत उभारली, पाटीवर नांवही लिहिलें, आणि तरीही विमान आलें नाहीं, असें होऊं शकतें. आपल्या शेजारच्या नांदेडास तें घडलेंही आहे. मग विमानतळ होतो तो कशानें? या प्रश्नाचें नीट उत्तर त्या विद्यार्थ्यास, त्याच्या सोबत्यांस व त्यांच्या पालकांस द्यावें, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहीत आहों. उदाहरणादाखल आम्हीं नागपूरचा विमानतळ घेतला आहे. कारण युद्ध, टपाल, प्रवास व परदेशगमन या चारही कामांचा अनुभव त्यानें घेतला असून विमानतळाचें मर्म त्याच्या इतिहासांत स्पष्ट दिसून येतें.

नागपूर शहराच्या नैर्ऋत्येस सोनेगांव नांवाचें खेडें होतें. तेथील माळावर १९१७-१८ च्या सुमारास, म्हणजे पहिलें महायुद्ध चालूं असतां, ब्रिटिशांच्या हवाई दलाकरितां विमानें उतरण्याची सोय करण्यांत आली. विमानविद्येचें तेव्हां अगदीं बाल्य होतें. अमेरिकेंत राइट बंधूंनीं पहिलें उड्डाण केलें तें १७ डिसेंबर १९०३ रोजीं. त्यास जेमतेम चौदा वर्षें झालीं होतीं. पुढें दुसऱ्या महायुद्धांत सैन्याचीं विमानें लांबच्या मजला करितांना येथें विसाव्यास उतरूं लागलीं. इंग्रज गेल्यावर हा तळ भारत सरकारच्या ताब्यांत आला. अशा रीतीनें या विमानतळाचा जन्म युद्धाच्या गरजेंतून झाला. परंतु त्याचें खरें नांव झालें तें टपालाच्या कामामुळें.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. आपल्या देशांत विमान हें प्रथम टपालवाला झालें आणि मग प्रवाशांचें वाहन बनलें. १८ फेब्रुवारी १९११ रोजीं अलाहाबादेहून नदीपलीकडील नैनी येथें आंरी पेके या फ्रेंच वैमानिकानें सुमारें ६५०० पत्रें विमानानें नेलीं. जगांतील विमानटपालाचा अधिकृत आरंभ म्हणून ती घटना गणली जाते. पुढें १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून अहमदाबादमार्गें मुंबईस टपाल आणलें व नियमित हवाई टपालाचा पाया घातला. मनुष्य दोन दिवस उशिरा पोंचला तर बहुधा चालतें. परंतु आजाराची वार्ता, नेमणुकीचा हुकूम किंवा व्यापाराचा सौदा उशिरा पोंचला कीं त्याचा उपयोग सरतो. म्हणूनच वेगाची पहिली गरज पत्रास होती.

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर सोडविण्याचा सरकारनें यत्न केला. दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास या चार शहरांत रोज हजारों पत्रें पडत. तीं दुसऱ्या दिवशीं सकाळींच उरलेल्या तीन शहरांत कशीं पोंचवावीं? आतां विद्यार्थ्यांनीं पाटी घेऊन हिशेब करावा. चार शहरें एकमेकांस थेट जोडावयाचीं तर मार्ग किती लागतील? दिल्ली-मुंबई, दिल्ली-कलकत्ता, दिल्ली-मद्रास, मुंबई-कलकत्ता, मुंबई-मद्रास व कलकत्ता-मद्रास असे सहा. परंतु चौघांच्या मध्यावर एक ठिकाण निवडलें व प्रत्येकानें आपलें टपाल तेथें आणून बदलून घेतलें, तर चारच मार्ग पुरतात. शहरांची संख्या वाढेल तसा हा लाभ वाढत जातो. दहा शहरांस थेट मार्ग पंचेचाळीस लागतात. मध्यस्थान मानलें तर दहा लागतात. इतक्या सोप्या गणितावर ती योजना उभी होती, आणि तें मध्यस्थान होण्याचा मान नागपुरास मिळाला. नकाशा उघडून पाहावा : नागपुराहून मुंबई हवाई मार्गानें सातशे किलोमीटरांहून किंचित् जवळ, दिल्ली साडेआठशेंच्या आसपास, मद्रास नऊशेंच्या व कलकत्ता हजाराच्या आंतबाहेर आहे. त्या काळच्या डाकोटा विमानास हें अंतर तीन-चार तासांचें होतें.

जानेवारी १९४९ मध्यें ही रात्रीची हवाई डाक सुरू झाली. दिवसभर जमलेलें टपाल घेऊन चारही शहरांतून रात्रीं एकेक विमान निघे आणि मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगांवास उतरे. तेथें थैल्यांची अदलाबदल होई. मुंबईचें विमान दिल्लीच्या, कलकत्त्याच्या व मद्रासच्या थैल्या खालीं उतरवी आणि त्या तिन्ही शहरांनीं मुंबईकरितां पाठविलेल्या थैल्या उचली. उरलेलीं तीन विमानेंही तसेंच करीत. मग चारही विमानें आपापल्या गांवीं परत फिरत व उजाडतांना घरीं पोंचत. प्रत्येक वैमानिक अर्ध्याच वाटेवर जाऊन माघारा येई, पण त्याच्या शहराचें पत्र मात्र देशाच्या दुसऱ्या टोंकास गेलेलें असे.

त्याच वर्षीं १ एप्रिलपासून सरकारनें आणखी एक पाऊल टाकलें. जेथें विमानानें पत्र लवकर पोंचण्याजोगें असेल तेथें देशांतील साधें पत्र जादा शुल्क न घेतां विमानानेंच न्यावें, असें ठरलें. रफी अहमद किडवई हे त्या वेळीं दळणवळण खात्याचे मंत्री होते. या निर्णयाचें महत्त्व आजच्या मुलांस चटकन् उमगणार नाहीं. तोंवर विमानटपाल ही श्रीमंतांची चैन होती. आतां गरीब आईनें परगांवच्या मुलास लिहिलेलें पाकीट आणि पेढीवाल्याचें पाकीट एकाच थैलींतून उडूं लागलें. आपलें वसमत त्या वेळीं हैदराबाद राज्यांत होतें, व त्या राज्याचें टपाल खातें वेगळें होतें. तें १९५० सालीं भारतीय टपाल खात्यांत विलीन झालें. वसमतेस तेव्हां पूर्णा व हिंगोली यांस जोडणारी लहान रुळांची आगगाडी तेवढी होती. येथील माणसानें नागपूरचा विमानतळ डोळ्यांनीं पाहिला नसेल. परंतु त्यानें दिल्लीस किंवा कलकत्त्यास धाडलेलें पत्र पुढच्या मजलेस विमानांत चढण्याची वाट आतां मोकळी झाली. विमानतळाचा उपयोग तेथें जाणाऱ्यांपुरताच असतो, ही समजूत यामुळें खोटी ठरते.

ही व्यवस्था कशाच्या बळावर चालली, हें आतां पाहूं. चारांपैकीं एक विमान उशिरा आलें कीं उरलेल्या तिघांस खोळंबावें लागे, नाहीं तर त्याच्या थैल्या मागें ठेवून निघावें लागे. एका शहरांतील एका कारकुनानें थैलीचें तोंड बांधण्यास विलंब केला, तर त्याचा परिणाम तीन दूरच्या शहरांतील हजारों घरांवर होई. मोठें काम अनेकांच्या लहान कामांवर उभें असतें, असें वडील माणसें नेहमीं सांगतात. सोनेगांवच्या माळावर तें रोज रात्रीं प्रत्यक्ष दिसत असे.

परंतु काळोखांत उडण्याचें हें काम निर्धोक नव्हतें. आजच्यासारखीं सूक्ष्म उपकरणें त्या काळीं वैमानिकापाशीं नव्हतीं. रात्रीच्या या विमानांतून टपालाबरोबर थोडे प्रवासीही जात. १२ डिसेंबर १९५३ रोजीं नागपुराहून निघालेलें एक डाकोटा विमान उड्डाणानंतर लगेच कोसळलें. त्यांतील चौदांपैकीं तेरा माणसें मृत्यु पावलीं व एकटा वैमानिक वांचला. पत्र वेळेवर हातीं आलें म्हणजे आपण तें उघडून वाचतों आणि विसरतों. तें आणण्यासाठीं कोणी अंधाऱ्या आकाशांतून गेलें होतें, कधींकधीं त्यानें प्राणही वेंचले, ही जाणीव ठेवणें हें आपलें कर्तव्य आहे.

असें हें कार्य जवळजवळ पंचवीस वर्षें चाललें आणि ऑक्टोबर १९७३ मध्यें थांबलें. योगायोग असा कीं, त्याच वर्षाच्या एप्रिल महिन्यांत अमेरिकेंतील मेम्फिस शहरीं एका खाजगी कंपनीनें याच तऱ्हेची व्यवस्था सुरू केली : रात्रीं सर्व दिशांनीं पार्सलें घेऊन विमानें यावींत, एका ठिकाणीं वांटणी व्हावी, व पहाटे तीं परत जावींत. ती कंपनी आज फेडेक्स या नांवानें जगभर ओळखली जाते, आणि तिच्या पद्धतीचें कौतुक सर्वत्र होतें. तीच युक्ति नागपूरच्या माळावर चोवीस वर्षें आधीं राबविली गेली होती, हें मात्र आपल्यापैकीं थोड्यांसच ठाऊक असतें.

मधल्या काळांत विमानतळाचें रूपही पालटलें. १९५३ सालीं प्रवाशांकरितां नवी इमारत उघडण्यांत आली. तींत उपाहारगृह, विश्रांतीच्या खोल्या, पुस्तकांचें दुकान व विमानें पाहावयास येणाऱ्या लोकांसाठीं सज्जा होता. २००२ सालीं राज्य शासनानें महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन केली, व नागपूरचा विमानतळ आणि त्यालगतचें उद्योगक्षेत्र मिळून 'मिहान' नांवाची योजना हातीं घेतली. २००५ सालीं विमानतळास डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचें नांव देण्यांत आलें. ज्या शहरीं १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं बाबासाहेबांनीं आपल्या लाखों अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्या शहराच्या आकाशद्वारास त्यांचें नांव असावें, हें सर्वथा उचित होय. २०१५ सालीं येथें मोठ्या विमानांची तपासणी व दुरुस्ती करणारा कारखाना एअर इंडियाच्या हातीं आला. ऑक्टोबर २०२४ मध्यें विमानतळाच्या विस्ताराच्या कामाची कोनशिला बसविण्यांत आली.

या वाढीची एक बाजू सांगावयाची राहिली तर लेख अपुरा ठरेल. विमानतळास सपाट व विस्तीर्ण जमीन लागते, आणि ती कोणाची तरी शेती असते. मिहानकरितां शिवणगांव, खापरी इत्यादि गांवांतील शेतकऱ्यांच्या जमिनी घेण्यांत आल्या, आणि मोबदला व पुनर्वसन यांविषयीं त्यांचे तंटे दीर्घकाळ चालले. आपण सर्व शेतकऱ्यांचीं मुलें आहों; शेत गेल्याचें दुःख काय असतें हें आपणांस निराळें सांगावयास नको. ज्यानें जमीन दिली त्याच्या मुलास त्या जमिनीवर उभारलेल्या कार्यांत मानाची जागा मिळते कीं नाहीं, यावरूनच अशा योजनेचें खरें यश मापलें पाहिजे.

आतां विमानतळावरील काम प्रत्यक्ष कसें चालतें, तें थोडक्यांत सांगतों.

नागपूरची धांवपट्टी सुमारें ३२०० मीटर लांब आहे. तिच्या एका टोंकावर १४ व दुसऱ्यावर ३२ हे आंकडे मोठ्या अक्षरांत रंगविलेले असतात. हे आंकडे क्रमांकाचे नसून दिशेचे आहेत. होकायंत्रावर उत्तरेपासून मोजूं लागलें असतां १४० अंशांच्या दिशेनें जाणाऱ्या विमानास १४ हा आंकडा समोर दिसतो, व उलट दिशेनें येणाऱ्यास ३२. दोहोंमधील अंतर १८० अंशांचें, म्हणजे बरोबर समोरासमोरचें. विमान नेहमीं शक्य तों वाऱ्यास तोंड देऊन उतरतें व चढतें. पतंग उडवितांना मुलें वाऱ्याकडे तोंड करून धांवतात, त्यांतलें कारण हेंच : समोरून येणारा वारा पंखास उचलून धरतो. म्हणून वारा फिरला कीं धांवपट्टीचें वापरावयाचें टोंकही बदलतें. विदर्भाच्या उन्हाळ्यांत पारा पंचेचाळीस अंशांवर चढतो, तेव्हां हवा तापून विरळ होते आणि पंखास तिचा आधार कमी मिळतो. मग तेंच विमान, तितकेंच ओझें, परंतु उडण्यापूर्वीं त्यास अधिक लांब धांवावें लागतें. लांब धांवपट्टीचें प्रयोजन यावरून कळेल.

धांवपट्टीजवळ उंच मनोऱ्यांत नियंत्रक बसतात. त्यांच्या अनुज्ञेवांचून एकही विमान हलत नाहीं. उतरणाऱ्या व उडणाऱ्या विमानांचें काम तर त्यांच्याकडे असतेंच. शिवाय दिल्लीहून चेन्नईकडे व मुंबईहून कोलकात्याकडे जाणारे हवाई मार्ग नागपूरच्या आसमंतांतच एकमेकांस छेदतात. चौकांत पोलीस उभा राहून गाड्या थांबवितो. आकाशांत विमान थांबवितां येत नाहीं. म्हणून एकावर एक असे मजले कल्पून त्यांत निदान एक हजार फुटांचें अंतर ठेवतात, व ज्याचा त्यानें आपला मजला सोडावयाचा नाहीं, असा कडक नियम आहे. उंचावरून जाणाऱ्या विमानांत कोणी प्रवासी अकस्मात् आजारी पडला, तर वैमानिक नागपुरास उतरण्याची परवानगी मागतो आणि रोग्यास तेथील रुग्णालयांत नेतात. असें अनेकदां घडलें आहे. नागपूर देशाच्या मध्यावर असल्याचा हा आणखी एक उपयोग.

मनोऱ्याखालींही अनेक जण राबत असतात. हवामानशास्त्रज्ञ वारा, धुकें व ढग यांची नोंद वैमानिकांस कळवितात. कांहीं माणसें धांवपट्टीवर फिरून खडा, खिळा किंवा कागदही राहूं देत नाहींत, कारण एवढीशी वस्तु इंजिनांत ओढली गेली तरी अनर्थ ओढवतो. कांहींजण पक्ष्यांस हुसकावितात. पांखराचा जीव लहान, परंतु वेगांतल्या विमानास त्याचा आघात मोठा बसतो. अग्निशामक दल चोवीस तास सज्ज असतें. हांक येतांच तीन मिनिटांच्या आंत धांवपट्टीच्या कोणत्याही टोंकास पोंचलें पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. वर्षानुवर्षें या दलास खरी आग विझविण्याचा प्रसंग येतही नसेल. तरी सराव रोज चालतो.

'आंतरराष्ट्रीय' या शब्दाचा अर्थही येथें समजून घ्यावा. परदेशचें विमान उतरलें एवढ्यानें विमानतळ आंतरराष्ट्रीय होत नाहीं. ज्या ठिकाणीं देशाची वेस असते, तेथें वेशीवरचीं कामें करावीं लागतात : प्रवाशाचा परवाना तपासणें, त्याच्या सामानावर जकात आहे कीं काय हें पाहणें, आणि रोगराई अथवा पिकांवरील कीड त्याजबरोबर देशांत शिरत नाहीं ना, याची खात्री करणें. समुद्रापासून शेंकडों कोस दूर असलेल्या नागपुरास ही वेस आकाशामुळें लाभली. अलीकडच्या वर्षांत येथून शारजा व दोहा या आखाती शहरीं विमानें जाऊं लागलीं, आणि हज यात्रेकरूंचीं विमानेंही येथून निघालीं. पूर्वीं विदर्भाच्या माणसास परदेशीं जावयाचें तर मुंबईस अगर दिल्लीस गेल्यावांचून गत्यंतर नसे.

पालकांपैकीं पुष्कळ जण हळदीचे उत्पादक व व्यापारी आहेत. ते विचारतील, "आमची हळद विमानानें जाईल काय?" आमचें उत्तर असें कीं, तिला त्याची क्वचितच गरज आहे. शिजवून वाळविलेली हळद पोत्यांत महिनोंमहिने टिकते, म्हणून ती रस्त्यानें व जहाजानें स्वस्तांत जाते. विमानाचें भाडें जबर असतें. तें ज्या मालास वेळेचा धाक आहे त्यासच परवडतें. फुलें, औषधें, यंत्राचा अडलेला एखादा भाग, आणि पूर्वीं पत्र, हा त्याचा खरा माल. कोणत्या कामास कोणतें वाहन, हें ओळखणें हाही व्यवहारज्ञानाचाच भाग आहे.

शेवटीं आपल्या जवळच्या नांदेडाकडे वळूं. वसमतेहून तासाभराच्या वाटेवर श्री गुरु गोविंदसिंघजी यांच्या नांवाचा विमानतळ आहे. २००८ सालीं गुरुता-गद्दीच्या त्रिशताब्दीच्या निमित्तानें त्याची मोठी सुधारणा झाली. परंतु पुढें त्यावर विमानें नियमित येईनात. २७ एप्रिल २०१७ रोजीं 'उडान' योजनेखालीं नांदेड-हैदराबाद सेवा सुरू झाली. कांहीं वर्षांनीं तीही बंद पडली. २०२४ सालीं पुन्हां विमानें येऊं लागलीं. धांवपट्टी तीच, इमारत तीच. तरी कधीं तो विमानतळ जागा होता, कधीं निजलेला. ज्या घरचा मुलगा दूरदेशीं नोकरीस आहे, व ज्या घरचें वृद्ध माणूस आजारी आहे, त्या घरास या झोपेची किंमत विचारावी. उद्यां विमान निश्चित येणार, हा भरंवसा लोकांस वाटला पाहिजे; तो नसेल तर लोक दुसरी वाट धरतात, आणि लोक नाहींत म्हणून विमान बंद होतें, असें दुष्टचक्र सुरू होतें.

आतां आमच्या त्या लहान मित्रास पूर्वींचें उत्तर सुधारून देतां येईल. विमानतळ हें विमानांचें स्थानक आहे खरें. परंतु तो दगडमातीनें बांधलेला असला तरी उभा राहतो तो नियमितपणावर. मध्यरात्रीं चार दिशांनीं येणाऱ्या चार विमानांनीं एकमेकांवर जो विश्वास टाकला, त्या विश्वासामुळें सोनेगांवचा माळ देशाचें टपालघर झाला. विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकीं कोणी वैमानिक होईल, कोणी नियंत्रक, कोणी अभियंता, आणि कोणी थैलीचें तोंड बांधणारा कारकून. काम कोणतेंही वांट्यास येवो. आपण एक घटका उशीर केला तर दूर कोठेंतरी, आपणांस कधींही न दिसणाऱ्या घरीं, कोणीतरी वाट पाहात राहील, एवढें मनांत असूं द्या. या पुढें रात्रीं आकाशांत चालता दिवा दिसला, म्हणजे त्याच्या वाटेवर ठिकठिकाणीं जागत बसलेल्या माणसांचीही आठवण करा.